उलट्या धबधब्याचं समीकरण

अनिता बोडके लोणावळ्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये नवी नेमणूक, आणि वर्गाबाहेर तिचं मत कुणी विचारायचं नाही. सकाळी शिरगावहून स्कूटीवर बेगडेवाडी स्टेशन, तिथून लोकल, की पहिल्या तासाला ती फळ्यासमोर हजर. घोटाळा व्हायचा परतीचा. दुपारी या मार्गावर लोकलच नसते. तास संपले तरी गाडीची वाट बघण्यावाचून इलाज नसायचा. लोणावळ्यातले प्राध्यापक जेवायला घरी जायचे, आणि अनिता डबा खाऊन प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकापुढे बसायची. पुढे जे घडलं ते सगळं या रिकाम्या दुपारींनी घडवलं.

त्या वर्षी अभ्यासक्रमात संगणकावर समीकरणं सोडवायचा नवा पेपर आला. त्यासाठी कॉलेजनं 'लेम्मा' नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. जगभरच्या गणितवाल्यांनी मिळून ते बांधलेलं, कुणीही फुकट वापरावं, आतलं यंत्र उघडून बघावं, जमल्यास त्यात भर घालावी, असा त्यांचा खुला कारभार. हत्यार जबरदस्त होतं. पण ते चालवायचं कसं हे शिकवणारे धडे गणितवाल्यांनी गणितवाल्यांसाठीच लिहिलेले. पहिल्याच पानावर असे शब्द की बी.एस्सी.ची पोरं बघून गार व्हायची.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात पिंकी वारिंगे नावाची मुलगी होती. वडिलांचं गुलाबाचं पॉलीहाऊस, घरात शिकणारी ही पहिलीच, आणि मनात आलेलं तोंडात थांबवायची सवय नाही. तिनं धड्यांची यादी वरपासून खालपर्यंत चाळली आणि हात वर केला.

"मॅडम, ह्यात आपलं फिजिक्स कुटं हाय?"

अनितानंही यादी बघितली. संख्यांचे धडे होते, भूमितीचे होते, गुंतागुंतीच्या बीजगणिताचे तर ढीगभर. फिजिक्सचा एकही नव्हता.

"नाहीये," ती म्हणाली.

"मंग त्यांला सांगा की. असं कसं ठेवलंय?"

वर्ग हसला. पण दुपारी संगणकापुढे बसल्यावर ते वाक्य अनिताच्या डोक्यातून जाईना. लेम्माच्या संकेतस्थळावर चर्चेचं एक पान होतं. तिथं तिनं जपून, दोनदा वाचून, इंग्रजीत चार ओळी लिहिल्या: मी भारतातल्या एका लहान कॉलेजात शिकवते, माझ्या विद्यार्थ्यांसाठी फिजिक्सचे धडे कुठे मिळतील?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. लिहिणारी होती इल्झे, लॅटव्हियातल्या रीगा शहरातली गणिताची प्राध्यापक. धड्यांचा सगळा विभाग तीच सांभाळायची. तिनं लिहिलं होतं, "कुठेच मिळणार नाहीत, कारण कुणी लिहिलेलेच नाहीत. तुम्ही लिहाल का?"

अनितानं ते वाचलं आणि घाईघाईनं पडद्यावरची खिडकी बंद केली, जणू कुणी तिला भर सभेत नाव घेऊन उठवलं होतं. मग पुन्हा उघडून वाचलं. 'तुम्ही लिहाल का' असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. प्रश्नपत्रिका काढा, पेपर तपासा, प्रयोगवह्यांवर सह्या करा, हे सगळे सांगायचे.

तिनं लंबकावर धडा लिहिला. पुस्तकात असतो तसा, नीटनेटका, एकही चूक नसलेला. आठवडाभर खपून पाठवला. इल्झेनं वाचून कळवलं, "धडा बरोबर आहे. पण लंबक प्रत्येक पुस्तकात असतो. तुमच्या विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असं काही नाही का, की जे समजून घ्यायला त्यांना समीकरणाची खरोखर गरज पडेल?"

अनिताला राग आला. घरी जाईपर्यंत लोकलमध्ये ती मनात उत्तरं जुळवत होती. पण खरं सांगायचं तर राग इल्झेवर नव्हता. तिच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना लंबक वाचताना जांभया येतात, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

ऑगस्टमध्ये विभागाची सहल घाटाच्या कड्यावर गेली. तिथं पावसाळ्यात एक ओढा कड्यावरून खाली झेपावतो, पण दरीतला वारा इतका जोरात वर येतो की पाणी खाली पोचतच नाही. धार हवेत मोडते आणि उलटी वर उडते. पर्यटक मक्याची कणसं खात फोटो काढत होते. पोरं कठड्याला टेकून उभी होती आणि खालून येणाऱ्या पाण्यानं त्यांचे चेहरे भिजत होते.

"खालून पाऊस!" पिंकी ओरडली. मग छत्री उलटी धरून तिनं ती वाटीसारखी दरीकडे केली आणि सगळ्यांना हसवलं. हसू ओसरल्यावर मात्र ती बराच वेळ एकटक बघत राहिली.

"मॅडम, बारकं थेंब वर जात्यात. मोठं खालीच पडत्यात. व्हय ना?"

"हो."

"मंग मधलं कुटं जात्यात?"

तोंडी उत्तर अनिताला येत होतं. वाऱ्याचा जोर आणि थेंबाचं वजन जिथं जुळतं तिथं थेंब तरंगतो. पण कोणत्या आकाराचा थेंब, किती वाऱ्यात, किती उंचीवर, हे सांगायला समीकरण मांडावं लागलं असतं, आणि ते हातानं सुटण्यातलं नव्हतं. कड्यावर भिजत उभी असताना तिच्या लक्षात आलं की आपला धडा आपल्यासमोर हवेत उडतोय.

पुढच्या गुरुवारी दुपारी ती बसली. थेंबावर दोन बळं: एक गुरुत्वाकर्षणाचं, नेहमी खाली; दुसरं हवेच्या रोधाचं, नेहमी गतीच्या विरुद्ध. वेग दुप्पट झाला तर रोध चौपट होतो. तिनं समीकरण लेम्मात घातलं. वारा आधी बाजूला ठेवला. थांबलेल्या हवेत एक थेंब नुसता सोडून द्यायचा, इतकं साधं उदाहरण आधी घेतलं. थेंबाचा वेग थोडा वाढेल आणि मग एका जागी स्थिर होईल, असा आलेख यायला हवा होता.

आलेख सरळ कड्यासारखा कोसळला. थेंबाचा वेग वाढला, आणखी वाढला, बंदुकीच्या गोळीला मागे टाकून पडद्याबाहेर निघून गेला. पाऊस खरंच असा पडला असता तर मावळात एक छप्पर शिल्लक राहिलं नसतं.

चूक आपलीच असणार, हे ती धरूनच चालली होती. तिनं प्रत्येक ओळ तपासली. चूक सापडेना. तेवढ्यात विभागप्रमुख गंगाधर सोमण सर जेवून आले. तुंगार्लीत राहायचे, निवृत्तीला थोडं उरलं होतं, आणि माणूस स्वभावानं सावध. त्यांनी चष्मा वर करून आलेख पाहिला.

"चिन्ह उलटं पडलंय तुमचं. रोधाचं उणे आहे ते अधिक करा."

तिनं तसं केलं. आलेख झटक्यात सुधारला. वेग वाढला आणि छान स्थिर झाला.

"झालं," सर म्हणाले. "द्या पाठवून."

पण अनिताचं समाधान होईना. पुस्तकात उणे आहे, तिनंही उणेच लिहिलं होतं, मग अधिक केल्यावर बरोबर का यावं? तिनं आणखी एक उदाहरण घेतलं. थेंब सोडून देण्याऐवजी जोरात वर उडवला. आता नवंच आक्रीत झालं. थेंब वर गेला तो गेलाच, वेग वाढवत आभाळात. हवेचा रोध त्याला अडवायचं सोडून वर ढकलत होता. तिनं पुन्हा उणे केलं. थेंब शहाण्यासारखा वर जाऊन थांबला, खाली यायला लागला आणि पुन्हा बंदुकीची गोळी झाला.

"सर, हे बघा," ती म्हणाली. "उणे ठेवलं तर वर जाणं बरोबर, खाली येणं चूक. अधिक केलं तर खाली येणं बरोबर, वर जाणं चूक. चिन्ह माझं नाही चुकत. थेंब वळतो, पण ह्याच्या आतला रोध वळतच नाही."

सोमण सरांनी दोन्ही आलेख पुन्हा पाहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये चूक आहे, असं म्हणायचंय तुम्हाला? जपून, मॅडम. जगभरचे लोक वापरतात ते."

"तेच तर," अनिता म्हणाली. "जगभरचे लोक वापरतात."

चुका कळवायचं पान वेगळं होतं. तिनं तिथं दोन्ही आलेख जोडून सगळं लिहिलं. संध्याकाळी घरी पोचायच्या आत उत्तर आलं, पण ते इल्झेचं नव्हतं. प्रकल्पातल्या एका जुन्या प्रोग्रामरनं एका ओळीत लिहिलं होतं: "वापरणाऱ्याची चिन्हाची चूक. तक्रार बंद."

ती बेगडेवाडीला उतरून शिरगावात आली तेव्हा साईमंदिरापुढे गुरुवारची गर्दी होती. तिची सासू लीलाबाई मंदिराच्या वाटेवर हार-नारळाचं दुकान मांडायची. नवरा संदेश दुसऱ्या पाळीला कारखान्यात गेला होता. अनिता नेहमीसारखी दुकानात मदतीला बसली, पण दोरा हातात तसाच राहिला.

"काय गं, कुनी मेलंय का?" लीलाबाईंनी विचारलं.

"नाही, आत्या. ते कॉम्प्युटरचं मी सांगत होते ना. त्यात चूक सापडली. मी कळवली, तर तो म्हणतो तुमचीच चूक."

"हाय का तुजी?"

"नाही."

"मंग भांड की!"

"इंग्रजीत भांडायला जमत नाही मला, आत्या. शब्द सुचत नाहीत. नुसतं प्लीज आणि थँक्यू होतं."

लीलाबाईंनी गिऱ्हाइकाला नारळ दिला, पदरानं हात पुसले आणि तोंड फिरवून म्हणाल्या, "आगं, मंग मराठीत भांड. मागनं कर त्याचं काय विंग्रजी करायचं ते. तुला माज्याशी भांडताना बरं शब्द सुचत्यात!"

दोघींनाही हसू आलं. पण हार ओवता ओवता अनिताला वाटलं, यात खोटं काय आहे? आजवर ती इंग्रजीत विचार करायचा प्रयत्न करत होती आणि अर्धा विचार वाटेतच सांडत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मराठीत लिहायला घेतलं. इतकं सरळ लिहून झालं की तिचं तिलाच नवल वाटलं. "घर्षण ऊर्जा घेतं, कधीही देत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमधला थेंब खाली येताना हवेकडून ऊर्जा मिळवतोय. माझं चिन्ह बरोबर की चूक, हा वाद बाजूला ठेवू. कोणतंही चिन्ह घ्या. एका वाटेवर हवा थेंबाला फुकट ऊर्जा देताना दिसेल. असं निसर्गात होत नाही. म्हणून दोष समीकरणात नाही, ते सोडवण्यात आहे."

ती लिहीत असताना सोमण सर आत आले. त्यांच्या हातात खडू होता. ते थेट फळ्याकडे गेले आणि लिहायला लागले. वर जाणाऱ्या थेंबाचं एक समीकरण, खाली येणाऱ्याचं दुसरं, दोन्ही हातानं सोडवलेली आणि सर्वांत वरच्या बिंदूपाशी सांधलेली. फळा भरला तेव्हा त्यांच्या कोटावर खडूची भुकटी पडली होती.

"आमच्या वेळी असं दोन तुकड्यांत सोडवायचे," ते म्हणाले. "संगणक नव्हते. रात्री झोप येईना, म्हणून पहाटे उठून करून बघितलं. तुमचं बरोबर आहे, मॅडम. हा फळा फोटो काढून जोडा. आणि मी काल जपून म्हणालो, ते विसरून जा."

अनितानं मराठी मजकूर पाठवला, त्याखाली त्याचं इंग्रजी आणि शेवटी फळ्याचा फोटो. या वेळी 'प्लीज' एकदाच आलं होतं.

शनिवार-रविवार गेला. सोमवारी ती प्रयोगशाळेत शिरली तर पिंकी आणि वर्गातली चार-पाच जणं आधीच संगणकापुढे गोळा झालेली.

"मॅडम, उगडली! तक्रार उगडली त्यांनी!"

इल्झेनं ती स्वतः पुन्हा उघडली होती. खाली तिनं लांबलचक लिहिलं होतं. रोधाची दिशा सांभाळण्यासाठी अनितानं वेगाचा वर्ग घेऊन त्याचं वर्गमूळ काढलं होतं, कारण त्यानं वेगाचं नुसतं मान मिळतं. उणे तीनचा वर्ग नऊ, नऊचं मूळ तीन, उणे गेलं. पण लेम्मा स्वतःला शहाणं समजायचं. वर्ग आणि वर्गमूळ शेजारी दिसले की ते दोन्ही खोडून टाकायचं आणि उणे तीनचे उणे तीनच ठेवायचं. कित्येक वर्षांपूर्वी काम लवकर व्हावं म्हणून कुणीतरी घातलेला तो नियम होता. सगळ्या राशी धनच असणार, असं त्यात गृहीत धरलं होतं. गणितवाल्यांच्या उदाहरणांत तसं चालून जायचं. वळून खाली येणारा थेंब त्यांच्याकडे कधी कुणी आणलाच नव्हता.

शेवटी इल्झेनं लिहिलं होतं, "आम्ही इतकी वर्षं चुकीची उत्तरं देत होतो आणि आम्हाला कळलं नाही. तुमच्या मराठी मजकुराचं मी भाषांतर करून पाहिलं. तो इंग्रजीपेक्षाही स्पष्ट आहे."

त्याखाली तक्रार बंद करणाऱ्या प्रोग्रामरचं उत्तर होतं. "मी न वाचता बंद केली. चूक माझी. दुरुस्ती मीच करतो." आणि त्यानं ती केलीही. त्या आठवड्यात दुरुस्ती झाली तेव्हा समजलं की त्या एका नियमानं आणखी कितीतरी ठिकाणी घोळ घातला होता. कुणाच्या विद्युतमंडलात, कुणाच्या ग्रहांच्या कक्षेत. इतके दिवस 'आपलंच काहीतरी चुकलं' म्हणून गप्प बसलेले लोक आता एकेक करून चर्चेच्या पानावर बोलायला लागले. अशी चूक परत शिरू नये म्हणून लेम्मात कायमची एक चाचणी घातली गेली. सॉफ्टवेअरमध्ये कुणीही काहीही बदललं की ती आपोआप चालते; एक थेंब वर उडतो, वळतो, खाली येतो, आणि त्याचा वेग स्थिर झाला तरच बदल मान्य होतो. चाचणीचं नाव त्या प्रोग्रामरनंच ठेवलं, 'मावळचा थेंब'.

पिंकीनं ते नाव मोठ्यांदा वाचलं आणि बाकावर थाप मारली. "आता ह्या थेंबाला इचारल्याबिगर त्यांचं पान हलायचं न्हाई!"

आता धडा पुरा करायचा होता, आणि इल्झेची अट होती, मराठीतही हवा. लेम्मात तोवर मराठी नव्हतीच. मग प्रयोगशाळेतल्या दुपारी शब्दांवर भांडण्यात जायला लागल्या. पुस्तकातला 'अंतिम वेग' पिंकीला मुळीच पटेना.

"अंतिम म्हनल्यावर अंत्ययात्राच आटवती, मॅडम. थेंब काय मरतोय का? तो नुसता एका चालीनं पडतोय."

"पण पाठ्यपुस्तकात तसंच आहे," सोमण सर म्हणाले.

"पाठ्यपुस्तकात लय काय काय आसतं, सर."

शेवटी पहिल्या उल्लेखाला 'अंतिम वेग' आणि पुढे सगळीकडे 'स्थिर वेग', असा तह झाला. सोमण सर स्वल्पविरामांवर अडून बसायचे. इल्झे तिकडून एकेक ओळ तपासून शेरे टाकायची: इथं घाई झाली, इथं आलेखाला एकक नाही, ही पायरी वाचणाऱ्याला सुचणार नाही. आधीची अनिता असती तर तिला हे शेरे लागले असते. आता ती त्यांच्यावर वाद घालायची, कधी हरायची, कधी जिंकायची. धड्यातली प्रत्येक आज्ञा संगणक स्वतः चालवून बघायचा. कुठं काही मोडलं की लाल फुली, चाललं की हिरवी खूण. किती दिवस लाल फुल्यांनी पान भरलेलं असायचं.

आणि पिंकीच्या प्रश्नाचं उत्तरही आलं. मधले थेंब कड्याच्या काठाशी वर-खाली होत राहतात. वारा जरा वाढला की चढतात, पडला की उतरतात, आणि एकमेकांना धडकून मोठे झाले की मग दरीत जातात. आलेखावर ते नाचताना दिसत. अनितानं धड्याला नाव दिलं, 'मधला थेंब कुठे जातो?'

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या एका दुपारी, सगळ्या खुणा हिरव्या असताना, पानावर नवी ओळ उमटली. धडा लेम्मात सामील झाला होता. अनितानं धड्यांची यादी उघडली. संख्या, भूमिती, बीजगणित, आणि त्यांच्याखाली एक नवं शीर्षक, भौतिकशास्त्र. भाषा निवडायच्या ठिकाणी ती हळूहळू खाली गेली. लॅटव्हियन होती, जपानी होती, आणि त्यांच्यामध्ये देवनागरीत लिहिलेलं होतं, मराठी. तिनं त्यावर टिचकी मारली.

पडद्यावर धडा उघडला. पहिलं वाक्य तिचं स्वतःचं होतं: "पावसाळ्यात लोणावळ्याच्या कड्यावर उभं राहिलं, की पाऊस खालून येतो."

खोलीत एकदम इतका गलका झाला की शेजारच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतून मावशी काय फुटलं म्हणून बघायला आल्या. सोमण सरांनी कॅन्टीनमधून सगळ्यांसाठी कांदाभजी मागवली आणि स्वतः प्लेटा वाटल्या. पिंकीनं धड्याच्या शेवटी मदत करणाऱ्यांत आपलं नाव बघितलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. वडिलांचं उत्तर लगेच आलं. तिनं ते कुणाला दाखवलं नाही, पण नंतर बराच वेळ ती भजी न खाता नुसती हातात धरून बसली होती.

त्या संध्याकाळी अनिता दुकानापाशी पोचली तर लीलाबाईंना बातमी आधीच लागली होती. संदेशनं कारखान्यातून फोन केला होता. हारासाठी थांबलेल्या एका बाईंना त्या सांगत होत्या, "आमच्या सूनबाईनं सायबाच्या मशीनीची चूक काडली. मराठीत भांडली! आन त्यांनी मानली." बाई कौतुकानं बघत राहिल्या. लीलाबाईंनी टोपलीतला सगळ्यांत दाट गुलाबांचा हार उचलला आणि अनिताच्या गळ्यात घातला. रस्त्यावरचे भाविक थांबून बघायला लागले.

"आत्या, लोक बघतायत!"

"बगू दे की. बगायसाठीच घातलाय."

डिसेंबरात इल्झेचं पत्र आलं. धडा लोक वापरू लागले होते. कोण कुठल्या शिक्षकांनी आपापल्या गावातल्या वाऱ्या-पाण्यावर धडे लिहिण्याची तयारी दाखवली होती, आणि ते तपासायला कुणीतरी हवं होतं. "फिजिक्सचा विभाग तुम्ही सांभाळाल का? काय घ्यायचं, काय परत पाठवायचं, शेवटचा शब्द तुमचा."

अनितानं प्रामाणिकपणे लिहिलं की ती कुठेही कायम नोकरीत नाही, तासांवर शिकवते. पुढच्या वर्षी कॉलेज तिला ठेवेल की नाही हेही तिला ठाऊक नाही. अशा माणसाच्या हाती विभाग देणं बरं दिसेल का?

इल्झेचं उत्तर आखूड होतं. "इथे कुणाचीच नेमणूक कुणी केलेली नाही. आम्ही काम पाहतो. तुमचं पाहिलं."

अनितानं होकार कळवला. त्याच दिवशी तिनं वडगावच्या, कामशेतच्या, तळेगावच्या ओळखीच्या शिक्षकांना फोन लावले. कुणी धरणाच्या दरवाज्यांवर लिहितो म्हणालं, कुणी घाट उतरणाऱ्या रेल्वेच्या ब्रेकवर. पिंकी तर आधीच कामाला लागली होती. वडिलांच्या पॉलीहाऊसमधली गरम हवा वरच्या झडपेतून किती वेगानं निघते, यावर तिचा धडा अर्धा झाला होता. तो वाचून अनितानं भरपूर शेरे टाकले. पिंकी दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी धडा सुधारून घेऊन आली.

विभागाच्या पानावर सांभाळणाऱ्याची माहिती भरायची होती. नाव लिहून झालं. पुढच्या चौकटीत संस्था लिहायची होती. इल्झेच्या नावापुढे तिचं विद्यापीठ होतं, त्या प्रोग्रामरच्या नावापुढे त्याची कंपनी. अनिता क्षणभर थांबली. कॉलेजचं नाव घालावं, तर जूनमध्ये ते खोडावं लागायचं. रिकामं सोडावं, असंही मनात येऊन गेलं.

मग तिनं देवनागरीत टाइप केलं, 'शिरगाव, ता. मावळ', आणि जतन केलं. पलीकडच्या संगणकापाशी सोमण सर पोरांना हाका मारत होते, पिंकीच्या नव्या धड्याचा पहिला आलेख आला होता. ती उठून तिकडे गेली.